बिल्ल्याची कड

राजाराम गमरे अमेरिकेत, टेक्सासातल्या प्लेनोला लेकीकडे आले ते बिल्ला शर्टाच्या खिशात घालून. सामानात टाकायला त्यांनी साफ नकार दिला होता. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवावा लागला, तेवढी दोन मिनिटं काय तो त्यांच्यापासून लांब गेला. आणि त्या दोन मिनिटांत त्यांनी स्वतःच्या पासपोर्टकडेही बघितलं नाही.

बिल्ला म्हणजे पहिल्या महायुद्धातलं पदक. गमऱ्यांच्या घरात त्याला पदक असं भारदस्त कोणी म्हणत नसे. मोठ्या नाण्याएवढी चकती, एका बाजूला इंग्लंडच्या राजाचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक उघडा माणूस. लहानपणी राजारामांना राजाबद्दल काही विचारावंसं वाटलं नाही. लढाईला निघालेल्या माणसाच्या अंगावर कपडे का नाहीत, हे मात्र त्यांनी घरात प्रत्येकाला विचारून झालं होतं. कोणालाच ठाऊक नव्हतं.

बिल्ला त्यांच्या आजोबांचा, धाकू राघूंचा. दापोलीजवळच्या एका गावातले हे धाकू १९१७ साली, जेमतेम विशीचे असताना, इंग्रजांच्या भरतीत नाव घालून बोटीने इराकातल्या बसऱ्याला गेले. ते तिकडे असताना १९१८च्या तापाच्या साथीत इकडे त्यांची बायको आणि सहा महिन्यांचं मूल गेलं. परत आल्यावर गावाच्या वेशीवर कोणीतरी त्यांना ते सांगितलं. पुढे दुसरं लग्न झालं, मुलं झाली. १९२७ साली महाडच्या तळ्याचं पाणी प्यायला माणसं निघाली, तेव्हा धाकूही कोटाला बिल्ला लावून चालत गेले. १९५७ साली ते वारले, तेव्हा राजाराम सात वर्षांचे होते. त्यांना आजोबांचा चेहरा नीट आठवत नाही, पण उजवा खांदा आठवतो. त्या खांद्यावर लिंबाएवढा टणक गोळा होता. 'आजोबा पलटणीत शिपाई होते, तिथे गोळी लागली,' असं राजारामांचे वडील सांगत. आजोबा स्वतः एवढंच म्हणत, 'हे बसऱ्याचं.'

राजारामांची नात हर्षिता पंधरा वर्षांची, तिथल्या हायस्कुलात शिकणारी. अमेरिकेतल्या शाळांना महिन्याला कसलं ना कसलं प्रदर्शन मांडल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. पहिलं महायुद्ध अकरा नोव्हेंबरला थांबलं, म्हणून तिकडे तो माजी सैनिकांचा दिवस. त्या दिवसासाठी शाळेने सांगितलं, ज्यांच्या घरातलं कोणी कुठल्याही देशाच्या फौजेत होतं, त्यांनी एखादी वस्तू आणि तिची गोष्ट आणावी. वर्गातल्या टेक्सासच्या पोरांकडे हेल्मेटं, पत्रं, घडी घातलेले झेंडे असं बरंच काही निघालं. आपल्या पोरांकडे काही निघेना. अनीशचे आजोबा बँकेत होते आणि निमिषचे विमा कंपनीत, आणि त्या दोघांनीही कधी कोणावर बंदूक रोखलेली नव्हती. हर्षिताने मात्र हात वर केला.

राजारामांनी तिला बसऱ्याची गोष्ट तीन वेळा सांगितली. ती फोन बाजूला ठेवून तासभर त्यांच्याशेजारी बसली. लेकीकडे आल्यापासून दोन महिन्यांत असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि राजाराम जरा रंगात आले. गोळी कुठल्या बाजूने आली तेसुद्धा त्यांनी सांगून टाकलं.

हर्षिता पोरगी नीटस कामाची. तिने बिल्ल्याचे फोटो काढून कॅनडातल्या एका निवृत्त गृहस्थांना ईमेलने पाठवले. जुनी पदकं ओळखण्यात ते जाणकार होते. त्यांनी कडेचा फोटो मागवला. तोही गेला. शुक्रवारी उत्तर आलं, आणि शनिवारी सकाळी पोह्यांच्या बशा पुढ्यात असताना हर्षिताने ते वाचून दाखवलं.

"ही सेज, कडेवर नाव असतंच. ऑलवेज. नंबर, रँक, नाव, युनिट. आपल्याला काहीच नाहीये. पूर्ण ब्लँक."

"जुनं आहे. झिजलं असेल," संघमित्रा म्हणाली. राजारामांची ही लेक एका मोठ्या कंपनीत मॅनेजर होती. कोणी काही म्हटलं की आधी उत्तर द्यायचं आणि मग विचार करायचा, ही तिची लहानपणापासूनची सवय.

"झिजलं तर राजाचं नाकपण झिजलं असतं ना, मम्मी. नाक शार्प आहे. ही सेज, एक तर फेक आहे, किंवा कोणीतरी नाव घासून काढलंय. लोक तेव्हा दुसऱ्याचं मेडल बाजारातून घ्यायचे, नाव पुसायचे आणि स्वतःचं म्हणून लावायचे."

"म्हणजे काय? खापरपणजोबा खोटं बोलत होते?"

"आय डोन्ट नो. मे बी."

संघमित्राचा नवरा प्रफुल्ल नागपूरचा; भांडण दिसलं की त्याला भूक लागत नसे. तो बशी सरकवत म्हणाला, "जाऊ दे ना यार. विथड्रॉ कर. हिस्टरीच्या टीचरला सांग, डॉक्युमेंट नाही मिळालं. बाबा, तुम्ही मनावर घेऊ नका हो."

बिल्ला टेबलावर पोह्यांच्या बशीशेजारी पडला होता आणि खिडकीतल्या उन्हात पांढराशुभ्र चमकत होता. तो इतका चमकायला नको होता, हे त्या घरात फक्त राजारामांना माहीत होतं.

ते बूट घालून बाहेर पडले. प्लेनोच्या त्या वस्तीत पायी चालणारा माणूस म्हणजे एक तर कुत्र्याचा मालक, नाही तर भारतातून आलेले कोणाचे तरी वडील. राजाराम कारंज्याच्या तळ्याला दोन फेऱ्या घालून बाकावर बसले. १९८६च्या जानेवारीतली ती दुपार त्यांना आठवावी लागली नाही. ती कधी लांब गेलीच नव्हती.

तेव्हा ते भांडुपच्या एका कारखान्यात प्लेटिंग खात्यात होते. विजेच्या मोठ्या स्विचांचे तांब्याचे भाग त्यांच्याकडे येत. ते बफच्या फिरत्या चाकावर घासायचे, सोड्यात आणि अ‍ॅसिडात धुवायचे, तारेला टांगून चांदीच्या टाकीत सोडायचे, हे काम. हात इतका बसलेला, की भाग बाहेर काढल्यावर मुलामा किती जाड चढला ते राजाराम बघून सांगत आणि मीटरवाला साहेब नंतर तेच सांगे.

त्या वर्षी एक जानेवारीला ते छोट्या संघमित्राला घेऊन भीमा-कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले होते. खिशावर बिल्ला लावलेला. गर्दीत एक निवृत्त सुभेदार भेटले. त्यांच्याही छातीवर तसाच बिल्ला, त्यांच्या वडिलांचा, पण चांदीचा. राजारामांचा काळपट. सुभेदारांनी हौसेने तो हातात घेतला, चष्मा लावला, रुमालाने कडेवरचा साठ-पासष्ट वर्षांचा मळ पुसला आणि कडेवरची इंग्रजी अक्षरं मोठ्याने वाचली. '४१७३, कुली, धाकू राघू, लेबर कोअर.' मग ते थांबले. शिपायांना चांदीचा मिळाला, हमालांना ब्राँझचा, एवढं त्यांनी समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. 'बरं केलंत, जपून ठेवलात,' असं म्हणून त्यांनी राजारामांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताने राजारामांना जे झोंबलं, ते एखाद्या शिवीनेही झोंबलं नसतं.

राजारामांनी मनाची समजूत घालायचा प्रयत्न केला होता. मूळचा चांदीचा मुलामा उडाला असेल, सुभेदाराला काय कळतंय. पण मुलामा कधी पुरता उडत नाही. नाकाच्या खाचेत, दाढीच्या रेघांत, कुठे तरी कण राहतोच. त्यांनी कारखान्यातलं भिंग लावून पाहिलं. एक कण नव्हता. त्या बिल्ल्याला चांदी कधी लागलीच नव्हती.

मग दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना, त्यांनी बिल्ला बफवर धरला. अक्षरं खोल ठोकलेली होती, बफला दाद देईनात. म्हणून पॉलिश पेपर घेतला. त्यांना खरं तर एकच शब्द घालवायचा होता. पण कडेवरचा तेवढाच शब्द घासला तर तिथे खळगा पडतो आणि कोणाही कारागिराच्या तो बोटाला लागतो. म्हणून सगळी कड सारखी करावी लागली. नंबर गेला, कोअर गेली, नाव गेलं. त्यानंतर वीस मिनिटं चांदीच्या टाकीत. संध्याकाळी त्यांनी तो वडिलांच्या हातात दिला. वडील म्हणाले, "आता शोभतो शिपायाला." वडिलांना काही सांगितलं नाही. पुढे ते गेले. मग सांगायला कोणी उरलं नाही, असं राजारामांनी स्वतःला समजावलं, आणि चाळीस वर्षं हे समजावणं चाललं.

आता कॅनडातला कोणी एक म्हातारा म्हणत होता, की धाकूने दुसऱ्याचं नाव पुसून बिल्ला स्वतःचा म्हणून मिरवला. पुसणारा इथे प्लेनोत बाकावर बसला होता आणि आळ बसऱ्याहून आलेल्या माणसावर चालला होता. राजारामांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. तरीही ते घरी गेल्यावर बोलले नाहीत. ती शनिवारची संध्याकाळ त्यांनी टीव्ही बघण्यात काढली, आणि टीव्हीवर काय होतं ते त्यांना विचारू नये.

रविवारी दुपारी संघमित्रा सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हर्षिता लॅपटॉप घेऊन आली. "मम्मी, मिसेस हॉलंडना मेल लिहिलीय. ऐक." मिसेस हॉलंड म्हणजे तिच्या इतिहासाच्या बाई. मेल इंग्रजीत होती आणि तिने ती सरळ वाचली. पदक खरं असल्याचा पुरावा नाही. माझ्या खापरपणजोबांनी ते कदाचित विकत घेतलं असावं. मी नाव मागे घेते.

"त्यांनी विकत नाही घेतलं," राजाराम म्हणाले.

"आजोबा, इट्स ओके. खूप लोक करायचे."

"त्यांनी नाही केलं. नाव मी घासलं."

संघमित्राच्या हातात प्रफुल्लचा शर्ट होता, तो तसाच राहिला. राजारामांनी सगळं सांगितलं, सुभेदारापासून टाकीपर्यंत, मधलं काही न गाळता. कुली हा शब्दही सांगितला. बोलताना त्यांचा आवाज कारखान्यात नव्या पोरांना काम समजावताना असायचा तसा कोरडा होता. तसा नसता तर त्यांना बोलता आलं नसतं.

"मी होते ना तिथे?" संघमित्रा हळूच म्हणाली. "मला त्या सुभेदारकाकांनी चिक्की दिली होती. मला फक्त चिक्की आठवतेय, बाबा."

हर्षिता त्यांच्याकडे रोखून बघत होती. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यात तिची चूक नव्हती. आठवड्यापूर्वी याच माणसाने तिला गोळी कुठून आली ते सांगितलं होतं. "हाऊ डू आय नो? आय मीन, तुम्ही आत्ता त्यांना वाचवायला पण असं म्हणत असाल."

राजारामांनी गॅरेजमधून गाडीचं पॉलिश आणि बारीक सँडपेपर मागितला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी बिल्ल्याची कड घासायला घेतली. कडेवर मुलामा पातळ बसतो आणि तोच आधी जातो. पाच मिनिटांत चांदीखालून तपकिरी धातू वर आला. ते बोटभर जागा घासून थांबले आणि चष्मा वर करून उजेडात पाहिलं. अक्षराचा मागमूस नव्हता. काम चोख झालं होतं. जन्मभर ज्या हाताचं कौतुक ऐकलं, तो हात त्यांनी मांडीवर ठेवून दिला.

"ओके, ब्राँझ आहे," हर्षिता म्हणाली. "पण नाव तर नाहीच. नंबर काय म्हणालात?"

"चार एक सात तीन."

हर्षिता उठली. खुर्चीवर राजारामांचा फोन पडला होता. तो ती रोज त्यांना उघडून द्यायची, कारण त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा अ‍ॅसिडने कधीच गेल्या होत्या आणि अंगठा लावून फोन उघडत नसे. तिने फोन हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"मम्मी, आजोबांचा पासकोड आहे तो. फोर वन सेव्हन थ्री."

"बँकेतपण तोच आहे," राजाराम म्हणाले. "कोणाला सांगू नकोस."

हर्षिताला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि ते तिला कोणाला दाखवायचं नव्हतं म्हणून ती लॅपटॉप उघडून बसली. तिने आधीची मेल खोडली. राजारामांनी कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत कडेवरची ओळ जशीच्या तशी लिहून दिली. एवढी साधी ओळ, पण ती आता जगात दुसरीकडे कुठे लिहिलेली त्यांना माहीत नव्हती.

वाद झाला तो यानंतर. संघमित्राने कागद वाचला आणि म्हणाली, "बाकी सगळं टाक. पण कुली नको. हर्षू, त्या शब्दावरून इथे अजून चिडवतात लोक आपल्याला. शाळेच्या भिंतीवर कशाला? 'लेबर कोअर' पुरे आहे, खोटंही नाही ते."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पोरीला त्या शाळेत अजून तीन वर्षं काढायची होती. हर्षितानेही मान डोलावली.

"मीपण तेवढाच एक शब्द काढायला गेलो होतो," राजाराम म्हणाले. "बाकी सगळं ठेवणार होतो."

संघमित्राने शर्टाची घडी घातली, मोडली आणि परत घातली. पुढे ती त्या शब्दाबद्दल बोलली नाही.

"खांद्याला काय झालं होतं मग?" हर्षिताने विचारलं. "गोळी नव्हती ना?"

"लेबर कोअरचं कामच ते. बोटीतून पोती उतरवायची. रेल्वेचे रूळ वाहायचे. दोन वर्षं एकाच खांद्यावर." राजारामांनी स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून दाखवलं. "ते कधी गोळी म्हणाले नाहीत. आम्हीच म्हणालो."

कॅनडातल्या गृहस्थांनी कळवलं, की ब्राँझ असेल तर हमालांच्या तुकडीचंच. पण घासलेल्या कडेमुळे ते काही खात्री देऊ शकत नाहीत. मिसेस हॉलंड यांनी कळवलं, की जे माहीत आहे तेवढंच लिही आणि ते कसं माहीत झालं तेही लिही. हर्षिता चार दिवस दार लावून लिहीत होती. कोणाला वाचू दिलं नाही. राजारामांनी उरलेला सगळा मुलामा घासून काढला. त्याला दोन दुपारी लागल्या. उघडा घोडेस्वार तपकिरी झाला आणि जरा थकल्यासारखा दिसू लागला.

अकरा नोव्हेंबरला सगळे शाळेत गेले. दारावरच्या बाईंनी राजारामांचा पासपोर्ट यंत्रात घातला आणि त्यांचा फोटो व नाव छापलेला मोठा चिकट कागद त्यांच्या शर्टावर लावला. तिथे पाहुण्याला असं छातीवर नाव लावूनच आत सोडतात. ज्या खिशात बिल्ला असायचा, त्याच खिशावर तो कागद बसला.

काचेच्या कपाटात हेल्मेट आणि पत्रं यांच्यामध्ये बिल्ला ठेवला होता. शेजारी हर्षिताचं कार्ड. राजारामांनी चष्मा लावला. इंग्रजी सोपं होतं, त्यांना कळावं म्हणून लिहिल्यासारखं. '४१७३ कुली धाकू राघू, लेबर कोअर. बसरा, १९१७ ते १९१९. त्यांनी पोती आणि रूळ वाहिले. घरी आले तेव्हा बायको आणि मूल साथीत गेलं होतं. कडेवर त्यांचं नाव होतं. १९८६ साली त्यांचे नातू राजाराम गमरे यांनी ते घासून काढलं, कारण त्यांना कुली या शब्दाची लाज वाटली. ही ओळ त्यांनी पाठ ठेवली, म्हणून ती इथे लिहिता आली.'

"माझं नाव कशाला टाकलंस?" त्यांनी विचारलं.

"कोणी केलं ते लिहायला नको, आजोबा? नाही तर लोक त्यांच्यावरच डाऊट घेतील."

शेजारी फौजेची टोपी घातलेला एक धिप्पाड म्हातारा कार्ड वाचत होता. ओठ हलवत, सावकाश. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर त्याने बिल्ल्याकडे पाहिलं आणि मग वळून राजारामांकडे. त्याची नजर त्यांच्या शर्टावरच्या कागदावर गेली. राजारामांचा हात आपोआप वर गेला आणि नाव झाकून तिथेच थांबला.

"तुमचे आजोबा?" म्हाताऱ्याने इंग्रजीत विचारलं.

राजारामांनी हात खाली घेतला.

"येस," ते म्हणाले. "माय ग्रँडफादर. कुली."